भागुजी मिस्त्रीचा अंधार

भागुजी मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की पाणी पिण्याआधी शर्टाच्या खिशातून काळ्या टेपचा रोल काढतो. मग घरभर नजर फिरवतो. टीव्हीखालचा लाल ठिपका, इन्व्हर्टरचा हिरवा, चार्जरचा निळा. जो दिसेल त्याच्यावर नखाएवढा टेपचा तुकडा डकवतो, अंगठ्याने दाबतो आणि मगच तांब्याला हात लावतो. परवानगी विचारत नाही. "उगा डोळं वटारून बसलंय," एवढंच म्हणतो, तेही त्या ठिपक्याला.

ओळख झाल्यावर आमच्या घरी तो एकदाच आला. दोन दिवसांनी माझी बायको सुमन म्हणाली की इन्व्हर्टर मेला, दिवाच लागत नाही. नेमकी त्या दोन दिवसांत वीज गेली नाही, त्यामुळे खरं-खोटं करायचीही सोय नव्हती. राहात्याहून माणूस बोलावला. त्याने इन्व्हर्टर खाली उतरवला, वरून खालून पाहिला आणि नखाने टेप सोलून माझ्या हातात दिली. वर माझ्याकडे असं पाहिलं की जुने ट्रॅक्टर विकणारा हाच का तो माणूस.

गावच्या दवाखान्यात भागुजी रक्तदाब मोजायला गेला होता. डॉक्टर त्याच्या एका दंडाला पट्टा गुंडाळत होते तेवढ्यात यानं मोकळ्या हाताने मशीनचा दिवा झाकला. रक्तदाब अगदी तरण्या माणसासारखा निघाला. उजेडाने रक्तदाब वाढतो, या त्याच्या सिद्धांताचा हा पुरावा तो अजून सगळ्यांना सांगतो.

या माणसाबद्दल माझी एक तक्रार आहे. ती मी कोल्हारात दहा जणांना सांगितली, दहाही जण हसले. म्हणून आता लिहून काढतो.

आधी माझं सांगतो. माझे आईबाप पाथर्डीकडून ऊसतोडीला आले, मी उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत जन्मलो. आज नगर–मनमाड रस्त्याला माझं जुन्या ट्रॅक्टरांचं यार्ड आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. घेताना वस्तूत दहा खोडी काढायच्या आणि विकताना त्याच दहा खोडी गिऱ्हाइकाला दिसू द्यायच्या नाहीत, एवढ्या विद्येवर ते उभं आहे. माझा आवाज मोठा आहे, राग त्याहून मोठा. पण तीस वर्षांत मला कुणी फसवलं असं एकही माणूस म्हणू शकत नव्हता.

मग ती गाडी आली. नगरच्या एका बिल्डरच्या मुलाने माझ्याकडून जुना जेसीबी नेला आणि बदल्यात काही रक्कम आणि ही गाडी दिली. लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची, वीस वर्षं जुनी जपानी स्पोर्ट्स कार. जमिनीपासून इतकी खाली की गतिरोधकावर पोट घासतं. सुमन तिला चप्पल म्हणते. "त्या चपलेवर ताडपत्री टाका, कुत्री बसतात," असं ती यार्डातल्या माणसांसमोर म्हणते. माझ्याकडे कुठलीही वस्तू दोन महिन्यांच्या वर टिकत नाही. ही गाडी मी विकायला काढलीच नाही. का, ते कुणी विचारलं तर मी त्याच्यावर ओरडायचो.

तिच्यात खोड एकच होती. त्या बिल्डरच्या मुलाने हौसेने मीटरच्या मागचे जुने पिवळे बल्ब काढून पांढरे एलईडी बसवले होते. दिवसा काही वाटायचं नाही. दिवे लावले की डॅशबोर्ड असा पेटायचा की गाडीत लग्न आहे असं वाटावं. उजेड कमी करायचं एक चाक स्टिअरिंगजवळ होतं, पण ते जुन्या बल्बांसाठी केलेलं. एलईडी त्याला जुमानत नव्हते. चाक कितीही फिरवा, उजेड तेवढाच.

मला गाडी चालवायला वेळ मिळतो तो संध्याकाळी यार्ड बंद केल्यावर. पहिल्याच संध्याकाळी सुमनला शेजारी बसवून मी बाभळेश्वरच्या बाजूला निघालो. अंधार पडला तसा समोरच्या काचेत रस्त्याऐवजी मीटरचे आकडे दिसायला लागले. घासाने भरलेली बैलगाडी मला दिसली तेव्हा ती दोन हातांवर होती. मी ब्रेक दाबला. बैलाने वळून आमच्याकडे पाहिलं, सुमनने माझ्याकडे.

घरात आल्यावर सुमन म्हणाली की दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुदत. तोवर ही गाडी नीट झाली तर ती बसेल, नाहीतर संगमनेरच्या दातांच्या डॉक्टरांना ती स्वतः फोन करेल. हे डॉक्टर एकदा माझ्याकडे शेतासाठी रोटाव्हेटर बघायला आले होते आणि त्या लाल गाडीवर खुळावले होते. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. रक्कम चांगली बोलत होते. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं आणि सुमनला हे माहीत होतं.

श्रीरामपूरच्या एका इलेक्ट्रिशियनने दिव्याची वायरच तोडली. उजेड गेला, पण मग काटेही दिसेनात. दुसऱ्याने मीटरच्या काचेवर काळी फिल्म चिकटवली. आकडे बुजले आणि फिल्मच्या कडेने उजेड डोळ्यात घुसायला लागला. नगरच्या एकाने सांगितलं की अख्खं मीटर जपानहून मागवा, आणि हे सांगून तो हसला. मी त्याच्या दुकानात आणखी काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी माझ्याच यार्डातला एक ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, उजेड मारायचा हाय ना? मंग भागुजीकडं जा. त्याचं उजेडाशी वैर हाय."

भागुजी मिस्त्री पूर्वी साखर कारखान्यात वायरमन होता. आता प्रवरा नदीच्या बाजूला एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडात गाड्यांची वायरिंग करतो. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी चाकणला नोकरीला आहे, ती बोलावते, हा जात नाही, कारण तिच्या सोसायटीच्या जिन्यात माणूस आला की आपोआप दिवा लागतो. "मी काय चोर हाय का?" असं तो त्यावर म्हणतो. अंगाने काटकुळा, वय साठीच्या पुढे, अंगात बाह्यांचं बनियन आणि बाहेर पडला की डोळ्यांवर मोतीबिंदूच्या शिबिरात देतात तसला काळा चष्मा. मोतीबिंदू मात्र त्याला नाही. चष्मा दुसऱ्या कुणाचा तरी मागून घेतलेला आहे.

मी गाडी घेऊन गेलो ती भर दुपार होती. मी उतरलो आणि दर विचारला. तो म्हणाला, आधी बसा. मी म्हणालो, दर ठरल्याशिवाय मी बसत नाही. त्याने एक आकडा सांगितला. मी सवयीने निम्मा सांगितला.

"बरं," तो म्हणाला.

हे मला आजपर्यंत सहन झालेलं नाही. निम्म्यावर लगेच 'बरं' म्हणणारा माणूस पाव दरालाही तयार झाला असता. पुढची घासाघीस करायला मी छातीत हवा भरून घेतली होती, ती तशीच राहिली.

मग त्याची कामाची पद्धत कळली. गाडी शेडात घेतली. गुऱ्हाळाच्या भिंती पूर्वीच्या धुराने काळ्या कुळकुळीत झालेल्या, त्यात याने फटीफटीत चिंध्या कोंबलेल्या. दारावर दुहेरी ताडपत्री. मला त्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, माझा मोबाईल काढून घेतला आणि बाहेर पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवला. मग ताडपत्री सोडली. बाहेर दुपारचं ऊन आणि आत असा काळोख की मला माझं नाक आहे की नाही ते चाचपावं लागलं.

दार उघडल्याचा आवाज आला आणि तो शेजारच्या सीटवर येऊन बसला.

"आता काय?" मी विचारलं.

"आता बसायचं."

"कशासाठी?"

"उन्हातनं आलेला डोळा म्हंजी परगावचा पाव्हना," तो म्हणाला. "आल्या आल्या त्याला काय इचारायचं नसतं. आधी टेकू द्यावं."

डोळा टेकायला वीस मिनिटं लागतात असं त्याचं म्हणणं. पण घड्याळावर त्याचा विश्वास नाही, कारण माणसामाणसाचा डोळा वेगळा. त्याची खूण लसणाची. समोर डॅशबोर्डवर तो सोललेल्या लसणाच्या पाकळ्या ठेवतो. त्या दिसायला लागल्या की डोळा तयार.

मला अर्थातच घाई होती. पाच मिनिटांत मी सांगितलं की दिसला लसूण.

"किती पाकळ्या?"

मी अंदाजाने चार म्हणालो.

"बसा," तो म्हणाला.

दहा मिनिटांनी मी दोन म्हणालो. त्याने पुन्हा बसवलं. दर वेळी तो वेगळ्या ठेवतो हे मला मागून कळलं. शेवटी खरंच काहीतरी पांढुरकं उमटायला लागलं, एक, दोन, तीन, आणि जरा लांब एक बारकी चौथी. म्हणजे पहिल्याच वेळी माझं बरोबर होतं. मी हे मोठ्या आवाजात त्याच्या लक्षात आणून दिलं.

"तवा दिसत नव्हत्या," तो शांतपणे म्हणाला. "तवा तुमी सौदा करत हुता."

मग काम सुरू झालं. गाडी शेडात घेण्याआधीच त्याने दिव्यांच्या वायरीत एक सर्किट जोडलं होतं, चुन्याच्या जुन्या डबीत बसवलेलं. डबीला एक भोक, भोकात बारीक स्क्रू. स्क्रू फिरवला की उजेड कमी-जास्त होतो. डबी त्याच्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली. तो वाकून पेचकस लावायचा आणि विचारायचा, "आता?" मी म्हणायचो, किंचित कमी. "आता?" हां, पण डावीकडे जरा जास्त वाटतोय. असं करत करत अशी एक वेळ आली की आकडे समईच्या उजेडात ठेवल्यासारखे दिसायला लागले. दिसत होते, पण डोळ्यात येत नव्हते. मी इतकी वर्षं गाड्या बघतोय, असा डॅशबोर्ड पाहिला नव्हता.

मी म्हणालो, बास, झालं. तो म्हणाला, न्हाई. डोळा एका दिवसात खरं सांगत नाही. आज तुम्ही तापलेले आहात, उद्या निवलेले असाल, परवा जेवून याल. निरनिराळ्या दिवशी बघावं लागेल. गाडी इथेच राहू द्या.

मला ते पटलं. का पटलं, हा प्रश्न मी स्वतःला नंतर पुष्कळ विचारला. एक कारण असं की त्याच्या कामाला एक शेवट असतो आणि तो मी डोळ्यांनी पाहिला होता. उजेड मनासारखा बसला की तो स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकतो, म्हणजे रस्त्याच्या हादऱ्याने स्क्रू हलत नाही. त्याला तो टिकली म्हणतो. त्या दिवशी माझ्यासमोर त्याने एका जीपचं काम संपवून टिकली लावली होती आणि जीपवाल्याला सांगितलं होतं, "टिकली लागली. आता देव आला तरी फिरवनार न्हाई." नेलपॉलिशच्या बाटल्या तो गावातल्या बांगड्यांच्या दुकानातून घेतो. तिथल्या बायका विचारतात, "मिस्त्री, पायाला का हाताला?" तो फक्त रंग नीट बघून घेतो. माझ्या गाडीला टिकली लागलेली नव्हती, म्हणजे काम बाकी होतं. हिशेब सरळ होता.

मी दुसऱ्यांदा गेलो. मग तिसऱ्यांदा. तीन आठवड्यांत सात वेळा गेलो, दर वेळी दुपारी, यार्डातली माणसं जेवायला बसली की मोटरसायकलवरून. दर वेळी मोबाईल डब्यात, ताडपत्री खाली आणि लसूण. आणि वीस मिनिटं.

अंधारात वीस मिनिटं दोन माणसं शेजारी बसली की काय होतं ते मला माहीत नव्हतं. आधी गप्प बसवत नाही म्हणून बोलावं लागतं. मग तो बोलायला लागला. तीस वर्षं कारखान्यात रात्रपाळी केली, हंगामात अख्खं आवार दिव्यांनी धुतल्यासारखं असायचं, त्यामुळे रात्र नावाची वस्तू त्याने निवृत्तीनंतरच पाहिली. हल्ली लग्नात नवरी दिसत नाही, हॅलोजन दिसतो. पुलावर नवे दिवे लागले तेव्हापासून नदी दिसत नाही, दिवे दिसतात. "उजेड लई झाला की दिसायचं बंद हुतं, शेठ," हे त्याचं आवडतं वाक्य. मधे तो थर्मासमधून अंधारातच चहा ओतायचा, आवाजावरून. थेंब सांडायचा नाही. काठोकाठ भरायच्या आधी धारेचा आवाज बारीक होतो, तेव्हा थांबायचं, असं त्याने मला शिकवलं. मी प्रयत्न केला तेव्हा चहा माझ्या मांडीवर गेला.

चौथ्या वेळी त्याने विचारलं की ही गाडी तुम्ही का ठेवली. मी ओरडायला तोंड उघडलं. पण अंधारात कुणावर ओरडायचं ते दिसत नाही. मी खरं सांगून टाकलं.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. सोळाव्या वर्षी मी पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसलो तेव्हा पाय क्लचला पोचत नव्हते. पाठीमागे युरियाची पोती घडी करून ठेवली. मग ट्रक, मग जीप, मग माझी स्वतःची मोठी गाडी, सगळीकडे मी पाठीमागे काहीतरी ठेवून आणि खाली काहीतरी घेऊन बसलोय. गिऱ्हाईक यायच्या आत उशी काढून टाकायची, हेही तीस वर्षं करतोय. या लाल गाडीचा क्लच तपासायला म्हणून मी आत बसलो आणि माझे पाय पोचले. पाठ टेकली. समोरचा रस्ता दिसला. कुणीतरी जपानमध्ये बसून माझ्या मापाची वस्तू केली होती. मी खाली उतरलोच नाही, अर्धा तास तसाच बसून राहिलो. हे मी सुमनलाही सांगितलेलं नाही.

तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "मंग ही इकू नका."

आणि त्यानंतर वाकून पेचकस लावला. "आता?"

मी बारकाईने बघून सांगायचो. डावा काटा जरा दबलाय. आता मधला वर आला. आता उजवीकडे एक केस कमी करा. तो करायचा. "तुमचा डोळा लई बारीक हाय, शेठ," असं म्हणायचा. मी हे घरी सुमनला सांगितलं. ती म्हणाली की बारीक डोळ्याला पाडवा किती दिवसांवर आलाय तेवढं दिसतंय का बघा. डॉक्टरांचा रविवारचा फोन तिनेच घेतला होता आणि त्यांना सांगितलं होतं की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी या, येताना सगळी रक्कम घेऊनच या.

दिवाळी चार दिवसांवर आली तशी मी आठव्यांदा गेलो, या वेळी काम संपवूनच परतायचं असं ठरवून. भागुजी शेडात नव्हता. शेजारच्या वस्तीवरच्या बाईने सांगितलं की दूध आणायला गेलाय, येईल. मी ताडपत्री वर केली आणि गाडीत बसलो. डॅशबोर्डवर माझ्या गेल्या वेळच्या परीक्षेतली लसणाची पाकळी पडली होती. ती उचलायला गेलो तर ती घरंगळून पलीकडच्या सीटच्या खाली गेली. सीटखाली लसूण कुजला तर वास जात नाही, म्हणून मी आडवा पडून मोबाईलचा टॉर्च मारला.

लसूण सापडला. आणि वर डॅशबोर्डच्या खाली चुन्याची डबी दिसली. डबीच्या भोकात स्क्रू. स्क्रूवर लाल टिकली.

टिकली वाळून दगड झालेली होती. तिच्यावर धुळीचा थर होता. मी नखाने धूळ पुसली, टिकली अखंड. पेचकसाचा ओरखडाही नव्हता. तीन आठवडे त्या स्क्रूला कुणी हात लावलेला नव्हता.

मी तसाच आडवा पडून राहिलो. डावा काटा दबलाय, मी म्हणालो होतो. उजवीकडे एक केस कमी. आणि तो म्हणाला होता, तुमचा डोळा लई बारीक. इंजिनाचा आवाज ऐकून मागचा मालक दारू पितो की नाही ते सांगणारा माणूस मी. मला याने काहीही न विकता फसवलं होतं.

तो दुधाची बरणी घेऊन आला तेव्हा मी शेडाच्या मधोमध उभा होतो. मी काय काय बोललो ते वस्तीवरच्या बाईला पाठ आहे, ती अजून लोकांना म्हणून दाखवते. तुझ्यामुळे माझी गाडी जायची वेळ आली, सात दुपारी माझ्या धंद्याच्या घालवल्यास, आठवड्याच्या आत तो दातवाला येऊन उभा राहील, हे सगळं बोललो. तुझी टेप तुझ्या तोंडाला लाव, हेही बोललो. त्याने काळा चष्मा काढला, बरणी खाली ठेवली आणि माझं संपेपर्यंत थांबला.

"टिकली कधी लावली?" मी विचारलं.

"पयल्याच दिशी. तुमी गेल्यावर."

"मग मला पुढे सहा वेळा कशाला बसवलंस?"

तो जमिनीकडे बघत होता.

"माझी बायकू कमल हुती तवा तीच बसायची शिटावर," तो म्हणाला. "गिऱ्हाईक कुटलं अंधारात बसतंय? गाडी टाकून जायचं. मी पेचकस धरायचा आन् तिनं सांगायचं, कमी कर, वाढव. दिसाला दोन दोन गाड्या. इस मिनटं निस्ती बडबड करायची." त्याने चष्मा बनियनला पुसला. "ती गेल्यावर मी गिऱ्हाइकाला बसवाया लागलो. कुनी बोलत न्हाई. मोबाईल दे म्हनत्यात. तुमी बोललात."

मी आणखीच चिडलो. ठरलेला निम्मा दर मी त्याच्या पायाशी आपटला, मोटरसायकल तिथेच ठेवली, गाडी चालू केली आणि निघून आलो. आरशात पाहिलं तर तो पैसे उचलायला वाकला नव्हता. बरणी कुठे ठेवली ते शोधत होता.

त्या संध्याकाळी सुमन गाडीत बसली. नाखुशीने, पदर सावरत, चपलेत पाय घालावा तशी. बाभळेश्वरच्या बाजूला निघालो. अंधार पडला, मी दिवे लावले. समोर काचेत फक्त रस्ता होता. उसाचा एक ट्रेलर पुढे चालला होता, मागे दिवा नाही, काही नाही, तरी मला तो पुष्कळ लांबून दिसला. मी सावकाश बाजूने काढला. सुमन सीटला टेकली.

थोड्या वेळाने ती बोलायला लागली. आधी तिच्या भावाच्या विहिरीचं, मग आपण पहिलं घर भाड्याने घेतलं होतं तिथल्या मालकिणीचं, मग अशा काही गोष्टी ज्या मला वाटत होतं ती विसरली असेल. घरात आम्ही समोरासमोर बसतो तेव्हा किराणा आणि दुखणी यांच्यापलीकडे काही निघत नाही. आम्ही बाभळेश्वरहून परत फिरायचो ते पुढे लोणीपर्यंत गेलो. येताना तिने विचारलं, ही गाडी तुम्हाला एवढी का आवडते हो? मी तिला पाय पोचतात ते सांगितलं. ती इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग म्हणाली, "मला काय ठाऊक नव्हतं का उशीचं? ती उशी मीच शिवली होती."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर रक्कम घेऊन आले. सुमननेच त्यांना फराळाचं ताट दिलं आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. एवढ्या लांब आलात तर रोटाव्हेटर बघून जा, असंही ती म्हणाली. ते रोटाव्हेटर घेऊन गेले.

दिवाळी संपली. मोटरसायकल अजून गुऱ्हाळातच होती. ती आणायला माझ्याकडे माणसं आहेत, मी कुणाला पाठवलं नाही. एका दुपारी यार्डातली माणसं जेवायला बसली तेव्हा मी लाल गाडी काढली आणि नदीकडे घेतली.

भागुजी एका टेम्पोचा हॉर्न उघडून बसला होता. गाडी बघून उठला. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं असावं की राहिलेलं बोलायला आलोय, कारण त्याने हातातला हॉर्न खाली ठेवला आणि सरळ उभा राहिला.

"काय झालं, शेठ?"

मी म्हणालो की उजेड अजून जास्त वाटतोय.

तो गाडीपाशी आला, पलीकडचं दार उघडून वाकला आणि डॅशबोर्डच्या खाली पाहिलं. बराच वेळ पाहत होता. टिकली जागेवर होती हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्याला माहीत होतं. तो सरळ झाला, पेचकस पायजम्याला पुसला आणि ताडपत्रीची दोरी सोडायला गेला.

"कोनत्या बाजूला वाटतोय?" त्याने पाठमोऱ्याने विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.